बांधावरून गेलेला ट्रॅक्टर

सोव्हिएत युक्रेनचा दिग्दर्शक ओलेक्सांद्र दोव्झेन्को याच्या ‘झेम्ल्या’ (जमीन) या १९३० सालच्या मूकपटाचा विषय निघाला की वाद ठरलेल्या दोन चाकोऱ्यांतून जातो. एक बाजू म्हणते, ही स्टालिनच्या सामुदायिक शेतीची जाहिरात आहे. ज्या धोरणापायी युक्रेनमध्ये लाखो माणसं उपाशी मेली त्याची आरती ओवाळणारा सिनेमा ‘अभिजात’ म्हणून मिरवणं हा मेलेल्यांचा अपमान आहे. दुसरी बाजू वाऱ्यावर डोलणारा गहू, सूर्यफुलं आणि पावसात भिजलेली सफरचंदं यांच्याकडे बोट दाखवते आणि सांगते, राजकारण त्या काळाच्या सक्तीचं होतं, ते सोडा, कविता बघा. मला हे दोन्ही पक्ष आळशी वाटतात. दोघांनाही सिनेमाची तारीख नको आहे. पहिल्यांना तो १९३३ साली काढल्यासारखा दिसतो, दुसऱ्यांना कोणत्याच साली न काढल्यासारखा. माझं म्हणणं असं: ‘झेम्ल्या’ प्रचारपट आहे, त्याच्यावर दोष येतो, आणि तो दोष नेमका त्याच्या सर्वांत सुंदर जागी आहे. पण तो खोटं बोलणाऱ्याचा दोष नाही, आशेने भारावलेल्याचा आहे. हे दोन दोष एकाच मापाने मोजले तर विसाव्या शतकात शेतीच्या नावाने काय काय घडलं ते आपल्याला कधीच नीट कळणार नाही.

आधी सिनेमा. चित्रीकरण १९२९ साली पोल्तावा भागातल्या यारेस्की गावात झालं. सुरुवातीला सेमेन नावाचा म्हातारा आजोबा बागेत, पडलेल्या फळांच्या राशीत, आडवा झाला आहे. तो मरायला टेकला आहे आणि त्याची कुणाला घाई नाही, त्याला स्वतःलाही नाही. जवळ पोरं सफरचंद खात बसली आहेत. त्याचा जुना दोस्त त्याला सांगतो, मेल्यावर कुठे पोचलास, स्वर्गात की नरकात, ते मला कळव. आजोबा एक फळ चावतो, समाधानाने हसतो आणि मरतो. (दोव्झेन्कोच्या खऱ्या आजोबांचं नावही सेमेनच होतं. सोस्नित्सियाच्या ज्या घरात तो १८९४ साली जन्मला तिथे चौदा मुलं झाली आणि त्यांतली दोनच मोठी होईपर्यंत जगली. मरणाकडे असं सहज बघणं त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.) मग गावात ट्रॅक्टर येतो. पाणी संपल्यामुळे तो वेशीबाहेर बंद पडतो, तेव्हा गावकरी रेडिएटरमध्ये मुतून तो चालू करतात. नातू वासिल त्या ट्रॅक्टरने श्रीमंत शेतकऱ्याचा, म्हणजे कुलकाचा, बांध नांगरून टाकतो. नांगरणी, पेरणी, कापणी, मळणी, कणीक, भाकरी असा सगळा फेरा काही मिनिटांत धावत पडद्यावरून जातो. रात्री चांदण्यात गावातली तरुण जोडपी पुतळ्यासारखी उभी आहेत आणि वासिल एकटा, धुळीच्या रस्त्यावरून घरी जाताना, आधी हळू, मग बेभान होऊन नाचू लागतो. नाचता नाचता कोसळतो. गोळी कुठून आली ते दिसत नाही. चरणारा घोडा तेवढा मान वर करतो.

मराठी प्रेक्षकाला या गोष्टीत समजावून सांगावं असं फार काही नाही. बांध कोरल्यावरून इथे भावाभावांत कुऱ्हाडी निघाल्या आहेत, तालुक्याच्या कोर्टात तीन पिढ्या तारखा चालल्या आहेत. वासिलचा खून हा बांधावरून झालेला खून आहे. फरक एवढाच की वासिलला स्वतःसाठी वीतभर जमीन ढापायची नाही. त्याला बांध ही गोष्टच नको आहे.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो सहसा त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडलाच जात नाही. ‘कुलकांचा वर्ग म्हणून नायनाट’ हे धोरण स्टालिनने डिसेंबर १९२९ च्या अखेरीस जाहीर केलं. ३० जानेवारी १९३० रोजी पॉलिटब्यूरोने, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीने, त्याच्या अंमलबजावणीचा ठराव केला: कुणाला गोळी किंवा छावणी, कुणाला कुटुंबासकट उत्तरेला किंवा सायबेरियात हद्दपारी. १९३० आणि १९३१ या दोन वर्षांत सुमारे १८ लाख माणसं अशी घरादारातून उपटली गेली. ‘झेम्ल्या’ कीव्हमध्ये दाखवला गेला तो ८ एप्रिल १९३० रोजी. म्हणजे प्रेक्षक थिएटरात बसले होते त्या आठवड्यांत वासिलच्या शत्रूंना, त्यांच्या बायकापोरांना, मालगाड्यांत कोंबलं जात होतं. आणि सिनेमा त्या शत्रूंना काय देतो? वर्तमानपत्र वाचून छाती बडवणारं घर, कुऱ्हाड घेऊन स्वतःच्याच जनावरावर धावून जाणारा म्हातारा, दारूच्या नशेत खून करणारा मुलगा. एकाही कुलकाला आजोबा सेमेनसारखं मरण नाही. एकाच्याही पोराच्या हातात सफरचंद नाही.

‘तेव्हा १९२९ होतं, पुढचं कुणाला ठाऊक’ हा बचावही पूर्ण टिकत नाही, हे मी मान्य करतो. धान्याची सक्तीची वसुली १९२८ च्या हिवाळ्यातच सुरू झाली होती. साठेबाजीच्या कलमाखाली शेतकऱ्यांना पकडलं जात होतं, घरं धुंडाळली जात होती. अडाणी शेतकरी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या दोव्झेन्कोला हे माहीत नव्हतं असं म्हणणं म्हणजे त्याला मूर्ख ठरवणं. आणि सिनेमात गहू उगवतो, कापला जातो, त्याची भाकरी होते. मधे वसुलीचा माणूस कुठेच येत नाही. शेतातून थेट तोंडापर्यंत जाणारं धान्य हे ‘झेम्ल्या’तलं सगळ्यांत मोठं कल्पित आहे. १९३२–३३ मध्ये युक्रेनमध्ये पस्तीस लाखांहून अधिक माणसं मेली, ती धान्य पिकलंच नाही म्हणून नाही. पिकलेलं उचलून नेलं म्हणून. ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने शेतात पडलेली कणसं वेचणंसुद्धा सामुदायिक मालमत्तेची चोरी ठरली. शिक्षा मृत्यूची किंवा दहा वर्षांची.

एवढं कबूल केल्यावरही ‘मग हा सिनेमा अभिजात सिनेमांच्या यादीतून काढा’ हा निष्कर्ष का निघत नाही?

पहिलं कारण असं की खोट्या प्रचाराचा अस्सल नमुना आपल्याकडे आहे आणि तो ‘झेम्ल्या’ नाही. इव्हान पिर्येवचा ‘कुबानचे कझाक’ १९५० साली आला. रंगीत, गाण्यांनी भरलेला, कलिंगडांचे ढीग, भरगच्च जत्रा, दोन सामुदायिक शेतांच्या प्रमुखांची लाडिक चढाओढ. कुबान हा कोणता प्रदेश? १९३२–३३ च्या दुष्काळात अख्खी गावं काळ्या यादीत टाकून ज्यांची रसद तोडली गेली, त्यांतला. आणि हा सिनेमा निघाला तेव्हा १९४६–४७ च्या दुष्काळाला जेमतेम तीन वर्षं झाली होती. हे करणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं की टेबलावरची कलिंगडं चित्रीकरणापुरती आहेत. स्टालिननंतरचा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह याने १९५६ च्या, स्टालिनवर टीका करणाऱ्या गुप्त भाषणात टोमणा मारला होता की स्टालिनला खेडं माहीत होतं ते सिनेमातून, आणि त्या सिनेमांत टेबलं टर्की आणि हंसांच्या भाराने वाकलेली असायची. ‘झेम्ल्या’त कुणाचंही टेबल वाकलेलं नाही. तिथे अनवाणी माणसं आहेत, धूळ आहे, ओबडधोबड झोपड्या आहेत आणि एक बंद पडणारं यंत्र आहे. जे घडून गेलं त्यावर पांघरूण घालणारा आणि जे अजून घडायचं आहे त्याची चुकीची आशा धरणारा, या दोघांना ‘प्रचारक’ या एका खुंटीला टांगून काय हाती लागतं?

दुसरं कारण पहिल्या बाजूला जास्त अडचणीत टाकणारं आहे. ही जाहिरात होती, तर जाहिरात देणाऱ्याला ती का आवडली नाही? ४ एप्रिल १९३० रोजी, म्हणजे प्रदर्शनाच्या आधीच, ‘इझ्वेस्तिया’ या सरकारी वर्तमानपत्रात द्येम्यान बेद्नी या दरबारी कवीने ‘तत्त्वज्ञ’ नावाचं लांबलचक पद्य लिहून सिनेमाला प्रतिक्रांतिकारक आणि पराभूत वृत्तीचा ठरवलं. कीव्हमध्ये सिनेमा काही दिवसांतच उतरवण्यात आला. दोव्झेन्कोने पुढे लिहिलं आहे की त्या दिवसांत त्याचे केस अक्षरशः पिकले. रेडिएटरचा प्रसंग कापला गेला. वासिलच्या मृत्यूनंतर त्याची वाग्दत्त वधू नताल्का झोपडीत नग्न होऊन आक्रोश करते, तोही कापला गेला. (बेद्नीचं पुढे काय झालं? १९३८ साली तोही पक्षाबाहेर. या इतिहासात न्यायाधीश आणि आरोपी यांची जागा फार पटकन बदलते.)

पक्षाला सिनेमा कळला नव्हता असं समजणं भाबडेपणाचं आहे. त्याला तो बरोबर कळला होता. प्रचाराला घाई हवी असते. इथे पहिल्या दृश्यातच मरणारा माणूस सफरचंद खातो. प्रचाराला यंत्र पवित्र हवं असतं. इथे गावकरी त्यात मुततात. दुसरा सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइन याने याच सुमारास सामुदायिक शेतीवरच ‘जुने आणि नवे’ काढला. त्यात मलई काढण्याचं यंत्र देवघरातल्या मूर्तीसारखं उजळून निघतं आणि शेतकरी बाई त्याच्याकडे डोळे विस्फारून बघत राहते. तिथे यंत्र माणसांना घडवतं. दोव्झेन्कोकडे यंत्र पाहुणा आहे. गाव त्याला आपल्यात सामावून घेतं, थट्टा करतं आणि कामाला लावतं. वासिलच्या बापाचं, ओपानासचं, दुःख ट्रॅक्टरपेक्षा मोठं आहे. पोराच्या खुनानंतर तो पाद्र्याला दारातून परत पाठवतो आणि तरुणांना सांगतो, तुमच्या नव्या गाण्यांनी त्याला पुरा. पण ती अंत्ययात्रा निघते तेव्हा कॅमेरा घोषणांकडे नसतो. उघड्या शवपेटीवरून सफरचंदाच्या फांद्या मेलेल्या पोराच्या चेहऱ्याला घासत जातात आणि त्याच वेळी एका घरात बाई बाळंत होत असते. या चौकटीत वर्गसंघर्ष लहान दिसतो, आणि १९३० साली मॉस्कोत हा गुन्हाच होता.

इथवर वाचून कवितावाले खूश झाले असतील. त्यांनी फार खूश होऊ नये. १९५८ च्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात हा सिनेमा सर्वकाळच्या बारा उत्तम सिनेमांत निवडला गेला, आणि त्यानंतरच्या कौतुकात त्याला दानिलो देमुत्स्कीच्या छायाचित्रणाचा, मऊ प्रकाशाचा, मातीच्या गूढतेचा एक संग्रह करून टाकण्याची सवय लागली. (देमुत्स्कीलाही पुढे अटक आणि हद्दपारी भोगावी लागली, मऊ प्रकाशाने कुणाचं रक्षण होत नाही.) राजकारण गाळून ‘झेम्ल्या’ बघता येतो का? वासिल का नाचतो हे सांगून दाखवा. चांदणं सुंदर आहे म्हणून? तो नाचतो कारण दिवसा त्याने बांध मोडला आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जमिनीच्या तुकड्यासाठी कंबर मोडून घेतली त्यांच्या घरातला पहिला पोरगा एका दिवसात सगळं शेत एक करून आला आहे. हा आनंद राजकीय आहे. तो काढून घेतलात तर उरतं ते रात्री रस्त्यावर नाचणाऱ्या तरुणाचं कॅलेंडरावरचं चित्र.

आणि ज्या प्रसंगाबद्दल कवितावाले मुळीच बोलत नाहीत तो मला या सिनेमाचा गाभा वाटतो. अंत्ययात्रा चालू असताना खुनी खोमा, तोच कुलकाचा मुलगा, शेतांतून धावत येतो. मी मारलं त्याला, असं तो ओरडतो. जमिनीत डोकं खुपसून गोल फिरतो. वासिलचाच नाच वेडावाकडा नाचून दाखवतो. आणि गर्दी त्याच्याकडे बघत नाही. सगळे वक्त्याचं भाषण ऐकत आहेत. वासिलची कीर्ती आपल्या बोल्शेविक विमानासारखी जगभर जाईल, असं तो सांगतो आहे. खुन्याला पकडत नाहीत, मारत नाहीत, शिव्याही देत नाहीत. तो त्यांच्या लेखी उरलेलाच नाही. दोव्झेन्कोला हा काव्यात्म न्याय वाटला असेल: जीवन पुढे जातं, जुनं आपोआप गळून पडतं. पण हीच चौकट १९३० च्या वसंतात ठेवून बघा. एका माणसाचा आक्रोश गावाने ऐकायचाच नाही असं ठरवलं की पुढचं काम गाडी आणणाऱ्यांना सोपं जातं. हद्दपारी फक्त बंदुकीने झाली नाही. शेजाऱ्यांनी मान फिरवल्यामुळेही झाली. सगळ्यांनी फिरवली असं नाही. त्याच वसंतात युक्रेनच्या गावागावांत उठाव झाले, कित्येक ठिकाणी बायकांनी पुढे होऊन आपली जनावरं आणि बियाणं परत ओढून नेलं. स्टालिनला २ मार्चच्या ‘प्राव्दा’ या पक्षाच्या वर्तमानपत्रात ‘यशाने डोकं फिरलं’ म्हणत अतिरेकाचं खापर स्थानिक कार्यकर्त्यांवर फोडावं लागलं. त्या उठावांचा मागमूस सिनेमात नाही. खोमाच्या त्या दृश्यात रचना अप्रतिम आहे आणि नैतिक दृष्टी आंधळी आहे, आणि ही दोन्ही वाक्यं एकाच शॉटबद्दल खरी आहेत.

मग असा सिनेमा जपायचा कशासाठी? कारण ती आशा एकट्या स्टालिनची नव्हती. ती हुकूमशहाच्या कचेरीत जन्मली नाही. सावकाराच्या वहीखाली, तुकड्यांच्या शेतीत, वेठीत आणि खंडात जन्मली. १८७५ साली सुप्यात आणि आसपास शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. ‘झेम्ल्या’च्या पाच वर्षं आधी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला. तोही मूकपट, तोही गावचा. त्यात जमीन गमावलेला तरुण शेतकरी, व्ही. शांताराम, शेवटी शहरात गिरणी कामगार होतो. पेंटरांना दोव्झेन्को ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, पण दोघांसमोरचा माणूस एकच आहे. फक्त एकाला जमीन सोडण्याखेरीज वाट दिसत नाही आणि दुसऱ्याला वाटतं, बांध मोडला की वाट मिळेल. संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी १९४७ साली तयार केलेल्या निवेदनात डॉ. आंबेडकरांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन गावकऱ्यांना जातिधर्म न बघता सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत, असं मांडलं. हे लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर महारवाड्यातला बिनजमिनीचा माणूस होता. तुकड्यांची शेती एकत्र करून त्याच्या हाती काही लागणार नाही हे त्यांना नीट दिसत होतं. त्यांच्या योजनेत मालकांना मोबदला होता आणि बदल संविधानाच्या मार्गाने व्हायचा होता. आता याला कुणी ‘स्टालिनवादी’ म्हणणार का? १९५९ च्या जानेवारीत नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. चौधरी चरणसिंहांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि ठराव कागदावरच राहिला. तिथे वाद झाला, विरोध करणारा माणूस जिवंत राहिला, पुढे पंतप्रधानही झाला. यारेस्कीच्या शेतकऱ्याला ‘नको’ म्हणण्याची एवढीच सोय असती तर ‘झेम्ल्या’ आज आपण वेगळ्याच मनाने बघितला असता. माझ्या लेखी गुन्हा बांध मोडण्याच्या इच्छेत नाही. ज्याला तो मोडायचा नाही त्याला माणूस म्हणून मोजायचंच नाही, या ठरावात आहे. ‘झेम्ल्या’त इच्छा अख्खा सिनेमाभर आहे आणि ठरावाची चाहूल त्या एका प्रसंगात.

दोव्झेन्कोवर खटलाच चालवायचा असेल तर मी वेगळे पुरावे मागवीन. १९३२ च्या अखेरीस, गावं काळ्या यादीत जात असताना, त्याचा ‘इव्हान’ आला: द्निप्रो नदीवरच्या धरणावर राबायला गेलेल्या शेतकरी पोराची गोष्ट. १९३९ साली स्टालिनच्या फर्माइशीवरून ‘श्चोर्स’ हा यादवी युद्धातल्या लाल सेनानीवरचा सिनेमा आला. तोवर भूक डोळ्यांनी बघून झाली होती. आता अज्ञानाचा आणि आशेचा आधार उरला नव्हता, उरली होती भीती आणि बक्षिसं. मग १९४४ साली त्याच्या ‘युक्रेन ज्वाळांत’ या पटकथेवर स्टालिननेच घाव घातला आणि त्याला युक्रेनमध्ये परत राहायला मिळालं नाही. १९५६ साली तो मॉस्कोजवळ वारला. तो सोव्हिएत की युक्रेनियन, हा सध्याचा तिसरा वाद मला याच्या तुलनेत उथळ वाटतो. तो युक्रेनियन होता आणि सोव्हिएतही होता, आणि या दुसऱ्या गोष्टीची किंमत त्याने पहिल्या गोष्टीतून चुकवली.

राहता राहिला प्रश्न दाखवण्याचा. १९४१ साली मूळ निगेटिव्ह युद्धात नष्ट झाली, त्यामुळे आज दिसतो तो उरलेल्या प्रतींवरून सावरलेला ‘झेम्ल्या’. फिल्म सोसायट्यांनी तो दाखवावाच, पण रेडिएटर आणि नताल्का यांच्यासकट दाखवावा, आणि आधी चार तारखा फळ्यावर लिहाव्यात: चित्रीकरण १९२९, ठराव ३० जानेवारी १९३०, प्रदर्शन ८ एप्रिल १९३०, दुष्काळ १९३२–३३. आणि शक्य असेल तर त्याच संध्याकाळी, त्याच्यापाठोपाठ, ‘कुबानचे कझाक’ लावावा. माझा अंदाज आहे की प्रेक्षकांना दुसरा जास्त आवडेल. गाणी चांगली आहेत, रंग झकास आहेत, शेवट गोड आहे, आणि एकही माणूस मरत नाही.